घोटभर वाइन, अर्धं मिनिट

नाशिकच्या एखाद्या वाइनरीत पहिल्यांदा गेलेला माणूस बाटलीच्या मागचं लेबल वाचतो. तिथे लिहिलेलं असतं, 'पेरू, ढोबळी मिरची, लिंबाची साल'. तो साहजिकच विचारतो, "यात पेरूचा रस घालतात का?" नाही घालत. द्राक्षाशिवाय दुसरं कुठलंच फळ त्यात नसतं. मग तो एक घोट घेतो, क्षणभर थांबतो आणि पहिल्याहून चांगला प्रश्न विचारतो, "पेरू आहे खरा, पण तो गिळल्यावर का लागला? तोंडात होती तेव्हा तर नुसतीच आंबट लागत होती."

हे प्रकरण मुख्यतः त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. वाइनचा घोट ओठांना लागल्यापासून त्याची शेवटची आठवण विरेपर्यंत साधारण अर्धं मिनिट जातं, कधी जास्तही. तेवढ्या वेळात जीभ, नाक, गालांची आतली त्वचा आणि घसा असे चौघंही कामाला लागतात, पण एकाच वेळी नाही. प्रत्येकाचा वेग वेगळा असतो. वाइनची चव सांगताना लोक फळांची आणि मसाल्यांची यादी देतात. माझ्या मते त्या यादीपेक्षा क्रम अधिक बोलका असतो. आधी काय आलं, नंतर काय आलं, काय लवकर गेलं आणि काय रेंगाळलं, हे ज्याला पकडता आलं त्याला चाखता आलं.

जे वाइन पीत नाहीत त्यांनी हे पान उलटू नये. पुढचे प्रयोग कोरा चहा, लिंबाचं सरबत आणि बडीशेप यांवर करता येतात. व्यवसायाने चाखणारे लोकही दिवसात डझनावारी वाइन्स तोंडात घेतात आणि जवळच्या भांड्यात थुंकून टाकतात.

१. बाटलीत असतं काय?

७५० मिलिलिटरची साधी बाटली घेऊ. लेबलावर अल्कोहोल १३ टक्के लिहिलं आहे. म्हणजे त्यात सुमारे ९७ मिलिलिटर अल्कोहोल आहे. पाणी सुमारे ८५ टक्के, म्हणजे ६४० मिलिलिटरच्या आसपास. उरलं किती? जेमतेम तीन लहान चमचे. या तीन चमच्यांत आम्लं, ग्लिसरॉल, उरलीसुरली साखर, क्षार, रंग आणि तुरटपणा देणारी टॅनिन्स असतात. वासाची द्रव्यं त्याहूनही थोडी असतात, आणि त्यांतली काही तर ग्रॅमच्या अब्जांशात मोजावी लागतात. शिराझ द्राक्षाची एक लाल वाइन आणि त्याच द्राक्षाची दुसरी यांत जो फरक जाणवतो तो जवळजवळ सगळा या तीन चमच्यांतला असतो.

हे सगळं येतं द्राक्षाच्या मण्यातून. नाशिकचा बागाईतदार रिफ्रॅक्टोमीटरला डोळा लावून 'ब्रिक्स' बघतो तेव्हा तो रसातली साखर मोजत असतो. यीस्ट ती साखर खाऊन अल्कोहोल तयार करतं. ब्रिक्सच्या आकड्याला ०.५५ ते ०.६ ने गुणलं की होणाऱ्या अल्कोहोलचा अंदाज येतो. २३ ब्रिक्सच्या रसाची वाइन साधारण १३ टक्क्यांची होते. खाण्याच्या थॉमसन द्राक्षाचा मणी मोठा, बिनबियांचा आणि पातळ सालीचा असतो. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, बियांचा आणि जाड सालीचा असतो, कारण रंग, टॅनिन आणि बराचसा वास सालीतच असतो. पांढऱ्या वाइनसाठी रस आधी पिळून सालीपासून वेगळा करतात आणि मग आंबवतात. लाल वाइन सालींसकट आंबवतात. म्हणूनच लाल वाइन तोंडाला 'धरते' आणि पांढरी बहुधा तशी धरत नाही. हा फरक चौथ्या भागात कामाला येईल.

२. जीभ काय करते?

जीभ पाच चवी ओळखते: गोड, आंबट, खारट, कडू आणि 'उमामी'. उमामी म्हणजे टोमॅटो, मशरूम, मटणाचा रस्सा यांतला मांसल, भरीव स्वाद. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली तो ओळखला. बाकी सगळ्याला आपण चव म्हणतो खरं, पण ते जिभेचं काम नाही.

शाळेच्या पुस्तकात जिभेचा एक नकाशा असायचा. टोकाला गोड, कडेला आंबट, मागे कडू. तो चुकीचा आहे. जर्मन शास्त्रज्ञ हेनिग यांनी १९०१ मध्ये जिभेच्या निरनिराळ्या भागांच्या संवेदनेतले बारीकसे फरक मोजले होते. १९४२ मध्ये एडविन बोरिंग यांच्या पुस्तकात ते अशा तऱ्हेने मांडले गेले की जणू एका भागाला दुसऱ्या भागाची चव कळतच नाही. १९७४ मध्ये व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी पुन्हा मोजून पाहिलं, तेव्हा फरक आहेत पण किरकोळ, हेच दिसलं. खात्री हवी असेल तर चिमूटभर साखर जिभेच्या कडेला ठेवून पाहा. पेल्याच्या आकारामुळे वाइन जिभेच्या 'योग्य' भागावर पडते, हा दावा अजूनही ऐकू येतो. त्याला या नकाशापलीकडे आधार नाही. चांगल्या पेल्याचा खरा उपयोग नाकाला होतो.

मग गोड आधी आणि कडू शेवटी का लागतं? हा फरक जागेचा नसून वेळेचा आहे. गोडवा पहिल्या एकदोन सेकंदांत वर येतो आणि लवकर ओसरतो. आंबटपणा त्याच्या पाठोपाठ येतो आणि जास्त टिकतो, कारण आम्लामुळे लाळ सुटते आणि ती सुटत राहते. कडवटपणा सावकाश चढतो. त्याचा कळस यायला दहा-पंधरा सेकंदही लागू शकतात. म्हणून घोट घाईने गिळणाऱ्याला वाइनचा फक्त पूर्वार्ध कळतो.

गोड आणि आंबट यांचं एकमेकांशी काय नातं आहे ते लिंबू पाण्यात पाहता येतं. दोन पेल्यांत सारखंच लिंबू पिळा. एकात साखर घाला, दुसऱ्यात घालू नका. दोन्हींतलं आम्ल तेवढंच आहे. तरीही साखरेच्या पेल्यातला आंबटपणा निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. जीभ दोन्ही निरोप पाठवते, पण मेंदूत ते एकमेकांना दाबतात. वाइन करणारा रोज याच तराजूशी झटत असतो. नाशिकच्या काही शेनिन ब्लाँ या पांढऱ्या वाइन्समध्ये थोडी साखर मुद्दाम राखलेली असते, ती गोड करण्यासाठी असतेच असं नाही. अनेकदा ती आम्लाची धार बोथट करण्यासाठी असते.

इथेच 'ड्राय' या शब्दाचा घोटाळा मिटवू. ड्राय म्हणजे साखर न उरलेली. युरोपातल्या नियमांत सर्वसाधारणपणे लिटरला ४ ग्रॅमपर्यंत साखर असलेली वाइन ड्राय धरतात. म्हणजे १५० मिलिलिटरच्या पेल्यात ०.६ ग्रॅम, दोन चिमटी. १०० मिलिलिटर चहात चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम साखर घातली तर ते प्रमाण लिटरला ५० ग्रॅम होतं. तरी काही ड्राय वाइन्स गोड का वाटतात? कारण पिकलेल्या फळाचा किंवा व्हॅनिलाचा वास आला की मेंदू सवयीने गोडी जोडून देतो. अल्कोहोल आणि ग्लिसरॉलही जरासे गोडच लागतात.

आंबटपणाबद्दल आणखी एक गोष्ट, कारण ती आपल्या मातीशी बांधलेली आहे. द्राक्षात मुख्य आम्लं दोन, टार्टारिक आणि मॅलिक. कच्च्या कैरीची आणि हिरव्या सफरचंदाची आठवण करून देणारं ते मॅलिक. उष्ण हवेत वेल हे मॅलिक आम्ल श्वसनात जाळून टाकते. फ्रान्समध्ये द्राक्षं शरदात पिकतात. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी अशा दोन छाटण्या करून पीक हिवाळ्यात आणतात, आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. दिवसा ऊन आणि रात्री थंडी असं हवामान असलं की साखर भरते आणि आम्लही शिल्लक राहतं. मार्च तापला की साखर धावते आणि आम्ल गळतं. म्हणून तोडणी पहाटे उरकायची धडपड असते आणि कमी पडलेलं आम्ल भरून काढायला रसात टार्टारिक आम्ल घालतात. पेल्यात जो ताजेपणा लागतो त्यामागे ही सगळी कसरत असते.

३. परसदारातून येणारा वास

बडीशेपेचे चार दाणे घ्या. नाक बोटांनी घट्ट दाबा आणि दाणे चावा. जरासा गोडवा आणि थोडा चोथा, एवढंच लागेल. आता चावता चावता नाक सोडा. बडीशेप एकदम 'उगवते'. बडीशेपेचा स्वाद म्हणून आपण जे ओळखतो ते नाकात घडतं.

नाकाला वाड्यासारखी दोन दारं आहेत. पुढचं दार म्हणजे नाकपुड्या, ज्यांतून आपण फुलाचा वास घेतो. परसदार तोंडाच्या मागच्या बाजूला आहे, जिथे घसा आणि नाकाची पोकळी मिळतात. तोंडातल्या पदार्थाचा वास उच्छ्वासाबरोबर तिकडून वर चढतो. गंमत अशी की परसदारातून आलेला वास आपल्याला नाकात आल्यासारखा वाटतच नाही. मेंदू तो तोंडात नेऊन ठेवतो आणि आपण म्हणतो, "चव छान आहे." सर्दीत जेवण बेचव लागतं ते परसदार बंद झाल्यामुळे. जीभ तेव्हाही ठणठणीत असते.

नाकाच्या छतापाशी वास ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही असतात. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये या ग्राहींची जनुकं शोधली आणि २००४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. एका वासाला एक ग्राही असा हिशेब इथे नाही. प्रत्येक रेणू काही ग्राहींना जागं करतो, आणि कोणते जागे झाले त्या जुळणीवरून मेंदू वास ठरवतो. म्हणून ४०० प्रकारांवर हजारो वास ओळखता येतात.

आता पेरू. सोव्हिन्याँ ब्लाँ द्राक्षात गंधकाचा अणू असलेल्या, 'थायॉल' नावाच्या संयुगांची बांधलेली, बिनवासाची रूपं असतात. आंबवताना यीस्ट त्यांतली काही मोकळी करतं आणि मग वास येतो. हेच थायॉल पेरूत असतात. लेबलावरचा 'पेरू' म्हणजे कविकल्पना नाही. नाकापर्यंत तोच रेणू पोहोचलेला असतो. ढोबळी मिरचीचंही तसंच. तिच्या वासाचं पायराझिन सोव्हिन्याँ ब्लाँ आणि कॅबर्ने सोव्हिन्याँ या दोन्ही द्राक्षांत असतं. मणी पिकत जातो, घडावर ऊन पडतं, तसं ते कमी होतं. कॅबर्नेत ढोबळी मिरची ठसठशीत लागली तर घड सावलीत राहिले असावेत किंवा लवकर तोडले असावेत असा अंदाज बांधता येतो.

सगळ्यांत विलक्षण आहे शिराझमधली मिरी. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की हा वास 'रोटंडोन' नावाच्या संयुगाचा आहे आणि काळ्या मिरीचा वासही त्याचाच. लाल वाइनमध्ये लिटरला १६ नॅनोग्रॅम रोटंडोन असलं तरी नाकाला कळतं. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. या हिशेबाने एक ग्रॅम रोटंडोन सहा कोटी लिटरहून जास्त वाइनला पुरेल. आणि त्याच चाचणीत सुमारे पाचातल्या एका माणसाला हा वास मुळीच येत नव्हता, प्रमाण कित्येक पटींनी वाढवूनसुद्धा. म्हणजे एकाच टेबलावर एकाला "मिरी!" म्हणून आनंद व्हावा आणि दुसऱ्याला ती लागूच नये, तर दोघंही खरं बोलत असतात. चाखायला बसलेल्या नवख्या माणसाला मी हे मुद्दाम सांगते. दुसऱ्याला लागलेलं आपल्याला लागलं नाही म्हणून संकोचायचं कारण नाही.

आता तो सुरुवातीचा दुसरा प्रश्न. गिळल्यावरच पेरू का?

पहिलं कारण श्वासाचं. तोंडात घोट असताना आपण नकळत परसदार लोटून घेतो, नाहीतर ठसका लागेल. गिळलं की दार उघडतं आणि लगेच एक छोटा उच्छ्वास बाहेर पडतो. घशाच्या भिंतीवर वाइनचा पातळ थर राहिलेला असतो, त्यावरून हवा वाहत जाते आणि सगळा वास नाकात जाऊन आदळतो. दुसरं कारण उष्णतेचं. फ्रीजमधून आलेली वाइन तोंडात तापते आणि वासाचे रेणू सुटायला लागतात. तिसरं कारण मला सगळ्यांत जास्त आवडतं. थायॉलची जी बांधलेली रूपं यीस्टच्या तावडीतून सुटली, ती आपल्या तोंडातले जिवाणू सोडवतात. स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी २००८ मध्ये अशी बिनवासाची द्रव्यं लोकांना तोंडात घ्यायला दिली. वीस-तीस सेकंदांनी वास आला. म्हणजे त्या पेरूचा एक अंश पेल्यात नव्हताच, तो चाखणाऱ्याच्या तोंडात तयार झाला.

४. स्पर्श

लाल वाइनचा घोट घेतल्यावर जीभ टाळूला घासते, गाल आत ओढल्यासारखे होतात, हिरड्या कोरड्या पडतात. याला आपण तुरट म्हणतो. आपल्या षड्रसांत तुरट आणि तिखट या दोन्हींना रसाचा मान आहे. आजचं शरीरविज्ञान मात्र तुरट बहुतांशी स्पर्शात आणि तिखट वेदनेत धरतं. ज्यांनी षड्रस मांडले त्यांनी जेवणाऱ्याचा अनुभव नोंदवला होता आणि त्या अनुभवात हे दोन्ही चवीइतकेच ठळक असतात. वाइनच्या बाबतीत तर तुरटपणा बाजूला काढला तर लाल वाइन ओळखूच येणार नाही.

तो होतो कसा? लाळेत काही प्रथिनं असतात आणि त्यांच्यामुळे तोंड बुळबुळीत राहतं. टॅनिनचे रेणू या प्रथिनांना चिकटतात आणि त्यांच्या गाठी बनवतात. वंगण गेलं की जीभ आणि टाळू यांचं घर्षण वाढतं, आणि ते घर्षण आपल्याला कोरडेपणा म्हणून जाणवतं. तोंड प्रत्यक्षात ओलंच असतं.

हा परिणाम घरी पाहायला कोरा चहा पुरे. भरपूर पत्ती घालून पाच मिनिटं उकळा, कोमट करा आणि साखर न घालता तीन घोट घ्या, मध्ये पाणी न पिता. पहिला घोट सहन होतो. तिसऱ्याला जीभ खरखरीत होते. चहा तोच आहे, पण लाळेतली प्रथिनं पुन्हा भरायला वेळ लागतो आणि प्रत्येक घोट आधीच्यात भर घालतो. आता त्याच चहात थोडं दूध घाला. तुरटपणा जवळजवळ नाहीसा होतो, कारण दुधातली प्रथिनं टॅनिनला तुमच्या लाळेआधीच पकडतात. लाल वाइनबरोबर चीज देतात त्यामागे हेच आहे. सुक्या मटणाबरोबर ती जुळते त्यामागेही हेच.

प्रत्येक टॅनिनची पकड सारखी नसते. बियांतलं आणि कच्च्या सालीतलं टॅनिन खरखरीत लागतं, नीट पिकलेल्या सालीतलं बारीक आणि मऊ. म्हणून चांगला वाइनमेकर तोडणीच्या आधी बागेत फिरतो तेव्हा नुसत्या ब्रिक्सवर विसंबत नाही. तो मणी खातो, साल बराच वेळ चावतो, बी दाताखाली फोडतो. बी हिरवट असेल तर थांबतो, तपकिरी आणि कुरकुरीत झाली असेल तर तोडणीचा विचार करतो. वाइन बाटलीत मुरते तसे टॅनिनचे रेणू आपसांत जुळत जातात, काही रंगासकट गाळ होऊन तळाशी बसतात आणि वाइनची पकड बदलते. तुरटपणा किती आहे यापेक्षा तो कसा आहे, हिरड्यांवर बसतो की जिभेवर, चढत जातो की पसरून विरतो, याकडे लक्ष द्या. लाल वाइन चाखण्यातलं सर्वांत मोठं सुख मला इथे सापडतं, आणि लेबलावर त्याबद्दल बहुधा एक शब्दही नसतो.

स्पर्शाचं दुसरं अंग उष्णतेचं. वाइन गार असली तरी घशात ऊब का जाणवते? मिरचीचा तिखटपणा ज्या ग्राहीला कळतो तोच ग्राही उष्णताही ओळखतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने तो १९९७ मध्ये शोधला आणि २०२१ च्या नोबेलमागे हेच काम होतं. हा ग्राही एरवी ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास जागा होतो. अल्कोहोल असलं की तो ३४ अंशांच्या सुमारालाच जागा होतो, आणि आपलं शरीर तर ३७ अंशांवर असतं. म्हणून तोंडाची नेहमीचीच ऊब जळजळीसारखी वाटते. १४-१५ टक्के अल्कोहोलची शिराझ झणझणीत मिसळीबरोबर प्यायली तर मिरची आणि अल्कोहोल एकाच ग्राहीवर तुटून पडतात. तिथे कमी अल्कोहोलची, किंचित साखर राखलेली गार शेनिन ब्लाँ शंभर पटीने बरी.

तिसरं अंग म्हणजे 'बॉडी'. एखादी वाइन पाण्यासारखी हलकी वाटते, एखादी तोंड भरून राहते. यात सर्वांत मोठा वाटा अल्कोहोलचा, मग साखर, टॅनिन आणि इतर विरघळलेल्या द्रव्यांचा. ग्लिसरॉलला याचं फार श्रेय दिलं जातं. ते वाइनमध्ये लिटरला साधारण ५ ते १० ग्रॅम असतं आणि एवढ्याने दाटपणा फारसा बदलत नाही. काही वाइन्सवर जिवाणूंची एक दुसरी प्रक्रिया होते. तीत धारदार मॅलिक आम्लाचं मऊ लॅक्टिक आम्ल होतं, म्हणजे दह्यातलं आम्ल. सोबत डायअ‍ॅसिटिल तयार होतं आणि त्याला लोण्याचा वास असतो. आंबटपणा उतरला आणि लोणी आलं की तीच वाइन अधिक भरदार वाटते.

पेला फिरवल्यावर काचेवरून ओघळणाऱ्या थेंबांवरून वाइनची प्रत ठरवणारे लोक भेटतात. जेम्स थॉमसन यांनी १८५५ मध्येच त्याचं कारण सांगितलं होतं. काचेवरच्या पातळ थरातून अल्कोहोल लवकर उडतं, तिथला पृष्ठताण वाढतो, थर वर ओढला जातो आणि थेंब होऊन खाली येतो. त्यावरून अल्कोहोलचा अंदाज येतो, प्रतीचा नाही.

चौथं अंग झिणझिण्यांचं. १९८० च्या दशकात नारायणगावला उद्योजक शाम चौगुले यांनी फसफसणारी वाइन केली आणि परदेशात पाठवली. तिच्या झिणझिण्यांना आपण बुडबुडे फुटण्याचा स्पर्श समजतो. मुख्य काम मात्र तिथेही रसायनाचं असतं. विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचं तोंडात आम्ल होतं आणि ते वेदनेच्या मज्जातंतूंना टोचतं.

५. डोळ्यांची घाई

घोट घेण्याआधी डोळ्यांनी निकाल दिलेला असतो. २००१ मध्ये बोर्दोच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन हुंगायला दिली. नंतर तीच वाइन बिनवासाचा लाल रंग घालून दिली. रंगवलेल्या वाइनचं वर्णन त्यांनी लाल वाइनच्या शब्दांत केलं. या प्रयोगावरून वाइन चाखणं म्हणजे थोतांड असं म्हणण्याची पद्धत आहे, ती मला अन्यायाची वाटते. हेच सरबताचंही होईल. मेंदू सगळे पुरावे एकत्र करूनच स्वाद बनवतो आणि डोळ्याचा पुरावा सर्वांत आधी पोहोचतो. स्वतःची परीक्षा घ्यायची असेल तर अपारदर्शक पेल्यातून चाखा.

६. एक घोट, सावकाश

नाशिकची एखादी शिराझ घेऊ. तापमान आधी नीट करा. लाल वाइन 'घरच्या तापमानाला' प्यावी हा सल्ला थंड देशांतल्या दगडी घरांचा आहे. आपल्याकडे एप्रिलात घर ३२ अंशांवर असतं आणि त्या वाइनमध्ये अल्कोहोलचा भपकाच येतो. बाटली फ्रीजमध्ये ठेवा आणि १६ ते १८ अंशांवर आणा. पांढरीचं उलट. फ्रीजमधून थेट काढलेल्या वाइनचा वास थिजलेला असतो, दहा-पंधरा मिनिटं बाहेर राहू द्या.

पेला तिसरा हिस्साच भरा, फिरवा आणि हुंगा. हे पुढचं दार. मग दोन चमच्यांएवढा घोट घ्या आणि गिळू नका. पहिल्या दोन सेकंदांत पिकल्या फळाचा गोडसर भास येईल. तो जायच्या आत कडेने लाळ सुटेल, ते आम्ल. आता ओठ किंचित विलग करून थोडी हवा आत ओढा. आवाज होईल, होऊ द्या. हवेबरोबर वास परसदाराकडे ढकलला जातो. सातव्या-आठव्या सेकंदाला गालांवर टॅनिनची पकड जाणवायला लागेल आणि जिभेच्या मागे कदाचित जरा कडवट. मग गिळा किंवा थुंका आणि लगेच तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. मिरी असेल तर इथे येईल. ओकच्या पिंपात ठेवलेली असेल तर व्हॅनिला किंवा सुक्या खोबऱ्याचा वास येईल, तो लाकडाचा.

आता मोजा. फ्रेंच चाखणारे वाइन गेल्यानंतर स्वाद किती सेकंद टिकतो ते मोजतात आणि एका सेकंदाला एक 'कोदाली' म्हणतात. तीन-चार सेकंदांत संपणारी वाइन साधी, दहाच्या वर गेलेली उल्लेखनीय. मोजताना वासाचा टिकाव मोजायचा, तुरटपणाचा किंवा घशातल्या जळजळीचा नाही. त्या दोन्ही बऱ्याचदा वासापेक्षा जास्त रेंगाळतात आणि फसवतात. फळांचे हलके रेणू बहुधा आधी उडून जातात. ओकचे, मसाल्यांचे जड रेणू लाळेला आणि तोंडाच्या आतल्या त्वचेला धरून राहतात आणि सावकाश सुटतात. म्हणून पुष्कळ वाइन्स फळाने सुरू होऊन लाकडावर किंवा मिरीवर संपतात.

दुसरा घोट पहिल्यासारखा नसेल. लाळेतली प्रथिनं अजून भरलेली नसतात, त्यामुळे पकड जास्त लागेल. आणि नाक पहिल्या वासाला सरावलेलं असतं, त्यामुळे मघाशी दबलेलं काहीतरी वर येईल. दोन वाइन्सची तुलना करायची असेल तर मध्ये पाणी प्या, साध्या पावाचा तुकडा चावा आणि दोनेक मिनिटं थांबा. पांढरी आधी आणि लाल नंतर चाखा. उलट केलंत तर शेनिन ब्लाँच्या घोटात शिराझचं टॅनिन सापडेल.